पिवळ्या खोलीतला थेंब

रेवदंड्याची इनशा मुकादम पोयनाडच्या पलीकडे एका छोट्या रसायन कंपनीत सहा वर्षं नोकरीला होती. एम.एस्सी. झालेली, मोहल्ल्यातली पहिलीच. कंपनी औषधं बनवत नसे. संशोधन करणाऱ्या प्रयोगशाळांना लागणारी रसायनं बनवायची, तीही किलोनं नाही, मिलिग्रॅमनं. इनशाकडे तीन नंबरची खोली होती. त्या खोलीत पांढरा दिवा लावायला बंदी, कारण तिथला माल उजेडात बिघडायचा. सगळं काम पिवळ्या दिव्याखाली चालायचं. बाहेर आलं की थोडा वेळ माणसांचे चेहरे निळसर दिसायचे.

तिथे बनायचा तो रेणू अ जीवनसत्त्वाच्या जातकुळीतला होता. आपल्या शरीरात अ जीवनसत्त्वापासून रेटिनोइक आम्ल तयार होतं. ते पेशीतल्या एका ठरावीक रिसेप्टरवर जाऊन बसतं आणि पेशीकडून काही जनुकं चालू करून घेतं. गर्भात हृदय कसं वळायचं, कान कुठे यायचे, जबडा केवढा व्हायचा, हे ठरताना त्याच्यावाचून चालत नाही. इनशाच्या खोलीतला रेणू तेच काम करायचा, फक्त कितीतरी पट जोरानं, आणि शरीराला तो सहजी मोडता येत नसे. संशोधकांना तो हवा असायचा तो त्यासाठीच. पण जे आम्ल बेतानं लागतं, तेच नको त्या दिवशी, नको तेवढं मिळालं, तर गर्भाची घडण चुकते. म्हणून दिवस गेलेल्या बाईला त्या खोलीत पाऊल टाकायची परवानगी नव्हती. तसं मराठीतलं पत्रक इनशानंच लिहून दारावर चिकटवलं होतं.

जानेवारीतल्या एका बुधवारी दुपारी ती छोट्या व्हायलमध्ये द्रावण भरत होती. बूच दाबताना एका व्हायलची मान तुटली. काच एकावर एक घातलेले दोन्ही हातमोजे चिरून डाव्या तर्जनीत घुसली. रक्ताचा बारीक ठिपका आला आणि त्याच्यावर द्रावण पसरलं. रेणू डीएमएसओ नावाच्या द्रावकात विरघळवलेला होता, आणि डीएमएसओ कातडीतून आत शिरतो, शिरताना आपल्यात विरघळलेलं सगळं बरोबर नेतो, हे तिला पाठ होतं. पण शेजारी दोन बाटल्या उघड्या होत्या. तीन आठवड्यांचं काम होतं त्यांत. तिनं आधी त्या बंद केल्या, झाकणावर टेप लावली, मग बाहेर जाऊन हात धुतला. घड्याळाप्रमाणे चार मिनिटं गेली होती.

अजेय सर तिचे वरिष्ठ. चाळिशीतले, अलिबागचेच, माणूस वाईट नव्हता. त्यांनी बोट बघितलं.

“खोल नाहीये ना?”

“नाही सर. टोचलंय.”

“सोमवारी ऑडिट आहे, इनशा. आता रजिस्टरमध्ये चढवलं तर तीन नंबर बंदच करतील. ऑडिट होऊन जाऊ दे, मग लिहू.”

इनशानं मान हलवली. खोली बंद झालेली तिलाही नको होती. आणि दिवस गेले असतील असं तिच्या मनातही नव्हतं. लग्नाला सात वर्षं झालेली, दोनदा गर्भ पडलेला. नवरा कैस कुवेतला असायचा. महिन्याची रजा संपवून तो दोन आठवड्यांपूर्वीच परत गेला होता. आशा ठेवायची नाही, हे तिनं मनाशी ठरवून टाकलेलं होतं.

दहा दिवसांनी घरी तपासलं तर दोन रेघा आल्या.

घरात इनशा आणि सासू, दोघीच. सासू रेहाना साठीची, गुडघे धरलेले, पण अजून स्वतः बाजारात जाऊन सुरमईचा भाव पाडून आणणारी. तिनं सुनेचा चेहरा बघितला आणि काही न विचारता नमाजासाठी जानमाज अंथरली. कैसला फोन लावला तेव्हा तो कामावर होता. त्याचं हसू फोनमधून ऐकू येत होतं. इनशाही हसली. मग न्हाणीघरात जाऊन तिनं कडी लावली आणि बोटावरची खूण बघत बसली. जखम भरून आली होती. गुलाबी रेघ, तांदळाच्या कणीएवढी.

ऑडिटनंतरच्या सोमवारी तिनं अजेय सरांना सांगितलं, “मला आता तीन नंबरमध्ये जाता येणार नाही.”

त्यांनी आधी अभिनंदन केलं. मग विचारलं, “किती झाले?”

“सातवा आठवडा लागेल.”

त्यांनी उठून केबिनचं दार लावलं. “म्हणजे त्या बुधवारी...”

“हो.”

“ऑडिटच्या कागदावर काय लिहिलंय ठाऊक आहे ना? सहा महिन्यांत अपघात शून्य. माझी सही आहे. आणि खाली तुझी.”

“मला माहीत आहे, सर.”

“मग आता ते बाहेर काढून आपण दोघंही नोकरीतून जाऊ. तुझं काही होणार नाही गं, एक थेंब तो काय!”

इनशाला कागदपत्रांच्या टेबलावर बसवलं. तीन नंबरमध्ये तिच्या जागी शिवानी आली. वरसोलीची, डिसेंबरात लग्न झालेली. ती रोज सकाळी लग्नातल्या बांगड्या उतरवून हातमोजे घालून आत जायची, आणि काचेपलीकडच्या टेबलावरून इनशा बघायची.

जेवणाच्या सुट्टीत ती संशोधनाचे लेख वाचायची. उंदरांच्या पिल्लांचे कान, टाळू, हृदयातले पडदे. गर्भाचा कोणता दिवस सगळ्यांत नाजूक, तेही त्यात दिलेलं होतं. माणसाच्या दिवसांत बदलून तिनं ते मांडलं, आणि तो बुधवार बरोबर त्या दिवसांच्या तोंडावर आला. पुन्हा मांडलं. तेच आलं. मोहल्ल्यात हे गणित कुणाला येत नव्हतं, आणि ते आपल्यालाही आलं नसतं तर बरं झालं असतं, असं तिला पहिल्यांदाच वाटलं.

मार्च लागला तसे रोजे सुरू झाले. पोटुशी म्हणून इनशाला सूट होती. रविवारी दुपारी स्वयंपाकघरात एकटीच जेवताना तिला घास जाईना. तिनं ताट सारलं आणि नवी मुंबईला डॉ. मृणालींना फोन लावला. मृणाली मॅडम एका संशोधन संस्थेत याच रिसेप्टरवर काम करायच्या आणि इनशाच्या खोलीतला माल घ्यायच्या. दोघींची ओळख शुद्धतेच्या तक्रारींपुरतीच होती.

“मॅडम, एक विचारायचंय. आमच्याकडे एका बाईच्या हातावर तो रेणू सांडला. हातमोजा चिरला होता. तिला दिवस गेलेत.”

“कधी सांडला?”

“सव्वा महिना झाला.”

“इनशा, ती बाई तूच ना?”

मॅडम उत्तरासाठी थांबल्या नाहीत.

“हे बघ, तुझं रक्त मला तपासता येणार नाही. तशी परवानगी नाही, आणि एवढ्या दिवसांनी काही कळणारही नाही. पण कातडीतून किती आत गेलं असेल, ते करून बघता येईल. माझ्याकडे अशा पेशी आहेत, की हा रेणू रिसेप्टरवर बसला की त्या उजळतात. अगदी कणभर असला तरी. आम्ही याला डुकराचा कान वापरतो. तुला...” त्या अडखळल्या. “तुला बोकडाचा मिळेल ना?”

दुसऱ्या दिवशी इनशानं मटणाच्या दुकानातून बोकडाचे चार कान आणले. रेहानानं पिशवीत डोकावून बघितलं. “ये कशाला? हलीम करायला मटन आनायचं, तर कान आनलेस?”

“कामाला लागतात, अम्मी. प्रयोगाला.”

बर्फाच्या डब्यात कान घालून ती एसटीनं नवी मुंबईला गेली. मृणाली मॅडम फाटकावरच आल्या, डबा घेतला आणि म्हणाल्या, “तू आत येऊ नकोस.” इनशा रस्त्यापलीकडे चहाच्या टपरीजवळ उभी राहिली. आता जगातल्या कुठल्याच प्रयोगशाळेत तिला जागा नव्हती. आत कुणीतरी तिच्याच अपघाताची नक्कल करणार होतं. तेवढीच चीर, तेवढाच थेंब, चार मिनिटं. तिला परतीची गाडी धरायची होती, तरी ती तासभर तिथेच थांबली.

शुक्रवारी फोन आला.

“पेशी उजळल्या, इनशा.”

“किती?”

“सांडलेल्याचा साधारण आठवा हिस्सा पार गेला. तुझी कातडी कानापेक्षा पातळ असेल, जाड असेल, चीर किती खोल होती, मला ठाऊक नाही. उंदरांच्या आकड्यांशी लावलं तर धोक्याच्या रेषेच्या जरासं खाली येतं.”

“खाली?”

“उंदरांच्या रेषेच्या. माणसाची रेषा कुणीच काढलेली नाही. काढणार तरी कशी? तुझ्या डॉक्टरांना सगळं सांग. आणि कंपनीत नोंद कर, लगेच.”

इनशानं त्या संध्याकाळी कैसला सांगितलं. व्हिडिओवर त्याचा चेहरा थांबल्यासारखा झाला. आधी तिला वाटलं नेटवर्क गेलं.

“मी येऊ का?” तो म्हणाला. मग स्वतःच म्हणाला, “सोडनार नाहीत. सप्टेंबरच्या आधी नाही.” फोन ठेवताना म्हणाला, “अम्मीला सांगू नको. ती मोडेल.”

ईद झाली. तिसऱ्या दिवशी रेहानानं कलेजी केली, लसूण-मिरीची, कैस लहान असल्यापासून घरात नावाजलेली. ताट इनशासमोर ठेवलं.

“खा. रंग बघ तुझा. रगत न्हाय अंगात.”

“अम्मी, कलेजी नको.”

“का नको?”

“त्यात अ जीवनसत्त्व फार असतं. पोटात बाळ असताना चालत नाही.”

“चार पोरं झाली माझी. चारी वेळा खाल्ली मी. तुमच्या बुकाला कलेजीबी वंगाळ?” रेहानानं ताट आणखी पुढे सरकवलं. “एक तुकडा खा. माझ्यासाठी.”

इनशानं तुकडा उचलला, तोंडाजवळ नेला आणि तिला हुंदका फुटला. मग ती थांबलीच नाही. बुधवार, व्हायल, दोन उघड्या बाटल्या, अजेय सर, बोकडाचे कान, सगळं ती सांगत गेली. सांगून झालं तेव्हा कलेजीवरची चरबी गोठून पांढरी झाली होती.

“बाटल्या बंद करत बसलीस?” रेहाना शेवटी म्हणाली.

“हो.”

“आनि मला आता सांगतेस.”

“हो, अम्मी.”

रेहानानं ताट उचलून झाकून ठेवलं, हात धुतले, परत येऊन भिंतीला टेकून बसली. “किती दिस झाले?”

“डॉक्टर शेवटच्या पाळीपासून धरतात, त्या हिशेबानं पंधरा आठवडे. खरं धरायचं तर तेरा.”

रेहाना बोटांच्या पेरांवर काही मोजत राहिली. “एकशेवीस दिसांनी रूह येते पोटातल्या पोरात. त्याच्या आधी काय ते तू ठरव. मी काय बोलनार न्हाय. कैसलाबी बोलू देनार न्हाय. पन त्याच्या नंतर मला इचारायला येऊ नको.”

इनशाला वाटलं होतं, अम्मी ओरडेल, तोबा तोबा म्हणेल, पोट पाडायचा विचारसुद्धा करू नको म्हणेल. म्हणजे मग विचार करायलाच नको. अम्मीनं तसं काही केलं नाही. तिनं सगळं इनशाच्या हातात दिलं आणि पुढचे दिवस इनशाला घरात श्वास पुरेना. खिडक्या उघड्या असायच्या, खाडीवरून वारा यायचा, वाळत घातलेल्या बोंबलांचा वास घेऊन. तरीही.

अलिबागच्या डॉ. पद्मांना तिनं सगळं सांगितलं होतं. त्यांनी अठराव्या आठवड्यातली सोनोग्राफी स्वतः केली. अठरा आठवडे आणि दोन दिवस. इनशाच्या हिशेबानं एकशेवीसला सहा दिवस कमी.

“ओठ ठीक. जबडा ठीक. हा कान... दोन्ही कान जागेवर आहेत.” पद्मा डॉक्टर हळू बोलत होत्या. “मेंदू मला चांगला दिसतोय.” मग यंत्र पोटावर एकाच जागी फिरत राहिलं. “हृदयाचे चार कप्पे आहेत. मधला पडदा नीट दिसत नाहीये. बाळ पाठ करून बसलंय. जरा चालून ये, काहीतरी थंड पी.”

इनशा रस्त्यावर दोन फेऱ्या मारून आली, कोकम सरबत प्याली. बाळ वळलं नव्हतं. परत गेली, परत आली. तिसऱ्या वेळी डॉक्टरांनीच यंत्र खाली ठेवलं.

“मुंबईत गर्भाच्या हृदयाची खास तपासणी करतात. मी आत्ताच फोन करते.” फोन झाला. “नऊ दिवसांनंतरची वेळ मिळतेय.”

“त्याच्या आधी नाही?”

“नाही. पण घाबरू नकोस, कायद्यानं तुझ्याकडे अजून काही आठवडे आहेत.”

“माझ्याकडे सहा दिवस आहेत, मॅडम. तुम्हाला आज काय वाटतं? अंदाज?”

पद्मा डॉक्टरांनी तिच्याकडे बघितलं. इतक्या वर्षांच्या अलिबागच्या प्रॅक्टिसनंतर सहा दिवसांचा अर्थ त्यांना विचारावा लागला नाही. “जे मला दिसलं नाही त्याच्यावर मी अंदाज देणार नाही, इनशा. दिला तर तू आयुष्यभर त्याच्यावर चालशील.”

पहिले पाच दिवस तिनं काहीच केलं नाही. कामावर रजा टाकली. रेहाना जेवायला वाढायची, ती जेवायची. चौथ्या दिवशी कैस फोनवर म्हणाला, “तू जे करशील ते मला कबूल.” ती त्याच्यावर चिडली, आणि का चिडली ते तिला सांगता येईना. पाचव्या दिवशी दुपारी पडल्या पडल्या पोटात काहीतरी हललं. फुगा फुटावा तसं, अगदी बारीक. तो वायूही असेल, असं तिनं स्वतःला सांगितलं.

सहाव्या दिवशी सकाळी ती अंघोळ करून तयार झाली. रेहाना दारात उभी राहिली. “डॉक्टरकडं जातेस?”

“नाही, अम्मी. कंपनीत.”

पोयनाडला पोचली तेव्हा शिवानी तीन नंबरमधून बाहेर येत होती, डोळे चोळत. इनशा थेट अजेय सरांच्या केबिनमध्ये गेली. “मला अपघाताचं रजिस्टर हवंय.”

“आता? इनशा, तीन महिने झाले.”

“तीन महिने आणि सात दिवस.”

“ऐक माझं. हे लिहून तुझ्या बाळाचं काय भलं होणार आहे?”

“काहीच नाही.”

“मग?”

“शिवानीचं लग्न डिसेंबरात झालंय, सर.”

अजेय सर खुर्चीतून उठले. मग त्यांनीच कपाटातून रजिस्टर काढलं आणि टेबलावर ठेवलं. इनशानं उभ्यानंच लिहिलं. तारीख, वेळ, रेणूचं नाव, अंदाजे किती सांडलं. हात धुवेपर्यंत गेलेला वेळ: चार मिनिटं. कारण: उघड्या बाटल्या आधी बंद केल्या. नोंद उशिरा का: ऑडिटमुळे नंतर लिहायचं, असं अजेय सर आणि मी मिळून ठरवलं. पुढच्या रकान्यात ‘इजा झालेल्या व्यक्तीची प्रकृती’ असं छापलेलं होतं. तिथे तिनं लिहिलं, गर्भवती. सध्या माहीत नाही.

तिची सही झाल्यावर अजेय सरांनी पेन घेतलं. त्यांनी सही केली नाही. पेन टेबलावर ठेवलं आणि बाहेर निघून गेले.

घरी यायला संध्याकाळ झाली. रेहाना ओट्यावर बसली होती. सूर्य बुडाला, मगरिबची अजान झाली आणि एकशेविसावा दिवस संपला. इनशानं काही ठरवलं नव्हतं. ठरवायचे दिवस तिच्या हातून निघून गेले होते आणि तिनं जाऊ दिले होते. रेहानानं तिच्याकडे बघितलं, उठली आणि नमाजाआधीचा वजू करायला आत गेली. त्या विषयावर दोघी पुन्हा बोलल्या नाहीत.

मुंबईच्या तपासणीला रेहाना बरोबर गेली. यावेळी बाळ वळलेलं होतं. डॉक्टरांनी यंत्राच्या पडद्यावर बोट ठेवलं. हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमध्ये एक भोक होतं, लहान. पुष्कळदा आपोआप बुजतं, नाही बुजलं तर शस्त्रक्रिया आहे. बाकी हृदय चांगलं आहे.

“त्या थेंबानं झालं?” रेहानानं विचारलं.

“सांगता येणार नाही, आजी. असं भोक कितीतरी बाळांना असतं, ज्यांच्या आईनं कधी कुठल्या रसायनाला हात लावलेला नसतो.”

“म्हंजे थेंबानं न्हाय झालं.”

“तसंही सांगता येणार नाही.”

कंपनीनं चौकशी केली. तीन नंबरची खोली दोन महिने बंद राहिली. अजेय सरांची कुठेतरी बदली झाली आणि इनशाचा करार जूनमध्ये संपला तो पुढे वाढवला नाही. शिवानीनं फोन करून सांगितलं, की आता काचेच्या व्हायल बंद केल्यात, आणि खोलीच्या आतच नळ बसवलाय. शिवानीच्या आवाजात थोडा राग होता, कशाबद्दल ते तिनं सांगितलं नाही.

मुलगी सप्टेंबरात झाली. कैस आला होता. त्यानं तिच्या कानात अजान म्हटली आणि नाव ठेवलं, लाइबा. दीड महिन्यानं तो परत गेला. सहा महिन्यांनी मुंबईच्या डॉक्टरांनी पुन्हा तपासलं. भोक वाढलेलं नव्हतं, बुजलंही नव्हतं. वर्षाची झाली की आणा, म्हणाले.

परतीच्या एसटीत लाइबाला भूक लागली. इनशानं ओढणी पांघरून तिला पाजायला घेतलं. पिता पिता पोरगी मध्येच थांबायची, धाप टाकायची, परत तोंड लावायची. सगळीच पोरं तशी थांबतात. इनशानं दोन बोटं तिच्या बरगड्यांवर ठेवली आणि श्वास मोजायला लागली.

“मोजू नको गो,” शेजारी बसलेली रेहाना म्हणाली. “पिऊ दे तिला.”

“हो अम्मी,” इनशा म्हणाली आणि मोजत राहिली.